कॉमन नाउन की प्रॉपर नाउन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजी मजकूर तपासण्याचं काम करते. अर्ज, अहवाल, प्रबंध, पत्रं असं सगळं हाताखालून जातं, आणि नामांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक सोय आधी सांगते. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नाही, म्हणून इंग्रजी उदाहरणांत कोणता शब्द कॅपिटल अक्षराने लिहायचा ते सोबत शब्दांत सांगितलं आहे. वाक्यातला पहिला शब्द कॅपिटल असतोच, त्यामुळे तो वेगळा सांगितलेला नाही.

दोन्हींत नेमका फरक काय?

कुत्रा हे सामान्यनाम, मोत्या हे विशेषनाम. इथवर कुणालाच अडचण नसते. अडचण येते ती 'प्रॉपर नाउन म्हणजे एकाच व्यक्तीचं किंवा वस्तूचं नाव' या पाठ केलेल्या व्याख्येमुळे. एका गल्लीत तीन मोत्या असू शकतात. मग मोत्या हे सामान्यनाम झालं का? नाही.

एखाद्या प्राण्याला कुत्रा म्हणायचं तर तो कुत्रा असावा लागतो. मोत्या म्हणायला मात्र त्याच्यात काहीच असावं लागत नाही, कुणीतरी ते नाव ठेवलेलं असलं की झालं. काळाकुट्ट कुत्राही मोत्या असतो. बोक्याचं नाव टायगर ठेवलं म्हणून तो वाघ होत नाही. त्या तीन मोत्यांमध्ये नावापलीकडे काहीही समान नसेल, पण जगातल्या सगळ्या कुत्र्यांमध्ये कुत्रेपण समान असतं. सामान्यनाम वस्तू कोणत्या जातीची ते सांगतं, विशेषनाम नुसती हाक मारतं. म्हणून कुठे अडलं की मी एवढंच बघते: हा शब्द प्रकार सांगतोय, की या वस्तूचं बारसं झालंय?

प्रॉपर म्हणजे 'योग्य' ना? मग कॉमन नाउन अयोग्य असतं का?

इथला 'प्रॉपर' योग्य-अयोग्यातला नाही. त्याच्या मागे 'प्रोप्रियुस' हा लॅटिन शब्द आहे, अर्थ 'स्वतःचं'. 'प्रॉपर्टी' त्याच कुळातली. प्रॉपर नाउन म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं नाव. आपला 'विशेषनाम' हा शब्द मला जास्त बोलका वाटतो.

कॅपिटल अक्षर दिसलं की प्रॉपर नाउन, असं धरून चाललं तर?

फसाल. कॅपिटल अक्षर हा विशेषनामाचा परिणाम आहे, पुरावा नव्हे. इंग्रजीत 'मी' या अर्थाचा आय कायम कॅपिटल असतो आणि तो तर नामही नाही, सर्वनाम आहे. इंडियन, फ्रेंच ही विशेषणं असूनही कॅपिटल, कारण ती विशेषनामांवरून बनली. उलट काही कंपन्या आपल्या नावाचं पहिलं अक्षर हौसेने स्मॉल ठेवतात, म्हणून ते नाव सामान्यनाम होत नाही.

शिवाय हा रिवाज भाषेगणिक बदलतो. जर्मनमध्ये सगळीच नामं कॅपिटल अक्षराने सुरू होतात, टेबल-खुर्चीसुद्धा. डॅनिशमध्येही तसंच होतं, ते 1948 च्या लेखनसुधारणेत बंद झालं. खुद्द इंग्रजीतही पूर्वी सामान्यनामांना सढळ हाताने कॅपिटल अक्षरं दिली जायची. 1776 चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पाहा. त्यात लाइफ, लिबर्टी आणि हॅपिनेस हे तीन शब्द कॅपिटल आहेत आणि त्यांच्या मधला 'परस्यूट' स्मॉल. ही तिन्ही साधी भाववाचक नामं आहेत. आज कुणी असं लिहिलं तर मी खुणा करून परत पाठवीन.

मला महत्त्वाचे वाटणारे शब्द कॅपिटल केले तर काय बिघडतं?

अर्थ बिघडत नाही, छाप बिघडते. माझ्याकडे सर्वात जास्त येणारी चूक हीच. नोकरीच्या अर्जातलं एक नमुना वाक्य घ्या:

'आय वर्क ॲज अ सीनियर अकाउंटंट इन अ प्रायव्हेट कंपनी अँड हॅव गुड नॉलेज ऑफ एक्सेल.'

यात सीनियर, अकाउंटंट, प्रायव्हेट, कंपनी, नॉलेज आणि एक्सेल हे सहा शब्द कॅपिटल लिहिले आहेत असं धरा. त्यांतला एकच बरोबर आहे, शेवटचा. एक्सेल हे एका विशिष्ट सॉफ्टवेअरचं नाव आहे. 'सीनियर अकाउंटंट' हे पद शेकडो लोकांचं असतं, आणि त्याच्या आधीचा 'अ' तेच सांगतोय: अनेकांपैकी एक. 'प्रायव्हेट कंपनी'च्या आधीही 'अ' आहे. कंपनीचं नाव लिहिलं असतं तर ते कॅपिटल झालं असतं, तिचा प्रकार होत नाही. 'नॉलेज' तर मोघम भाववाचक नाम. कॅपिटल अक्षर आदर दाखवण्यासाठी नसतं. आपल्याकडे आदर 'अहो-जाहो'त असतो, तो इंग्रजी लिहिताना कुठेतरी उतरवावासा वाटतो आणि मग हाताला कॅपिटल अक्षर लागतं, असा माझा अंदाज आहे.

हेच पद सहीखाली स्वतंत्र ओळीत किंवा व्हिजिटिंग कार्डावर लिहिताना मात्र सीनियर अकाउंटंट हे दोन्ही शब्द कॅपिटल चालतात. ती मांडणीची रीत आहे, व्याकरणाची नव्हे.

'मदर', 'अंकल', 'डॉक्टर' हे शब्द कधी कॅपिटल, कधी स्मॉल का दिसतात?

कारण ते दोन्ही कामं करतात. 'माय मदर' म्हटलं की 'मदर' नातं सांगतो: सामान्यनाम, स्मॉल. पण 'आय आस्क्ड मदर' यात तो तिच्या नावाच्या जागी बसलाय: विशेषनाम, कॅपिटल.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्या जागी खरं नाव घालून बघा. 'आय आस्क्ड सीमा' हे वाक्य ठीक लागतं, म्हणून तिथे कॅपिटल. 'आय आस्क्ड माय सीमा' कानाला खटकतं, म्हणून तिथे स्मॉल. 'माय', 'हिज', 'अ', 'द' यांपैकी काही आधी असेल तर बहुधा स्मॉलच.

अंकल जॉन असं एकत्र हाक मारायचं नाव असेल तर दोन्ही शब्द कॅपिटल, जसं आपण 'सीमामावशी' एका दमात म्हणतो. पण 'माय अंकल जॉन' यात 'अंकल' स्मॉल, कारण तिथे आधी नातं सांगितलं, मग नाव. डॉक्टर स्मिथ कॅपिटल. 'द डॉक्टर इज लेट' स्मॉल. समोर बसलेल्या डॉक्टरांना थेट संबोधलं, 'थँक यू, डॉक्टर', तर पुन्हा कॅपिटल.

पदांचंही असंच. प्रेसिडेंट लिंकन हे बिरुदासकट नाव झालं, म्हणून दोन्ही शब्द कॅपिटल. 'लिंकन वॉज द सिक्स्टीन्थ प्रेसिडेंट' यात मात्र प्रेसिडेंट हे पद आहे, लिंकन त्या पदावरचे सोळावे. बहुतेक शैलीपुस्तिका इथे स्मॉल सांगतात. सरकारी कागदपत्रांत सगळीच पदं कॅपिटल लिहिण्याची प्रथा असते. तुम्ही सरकारी मसुदा लिहीत असाल तर त्यांची रीत पाळा, उगीच वाद नको.

सूर्य, चंद्र, पृथ्वी एकेकच आहेत. मग ती विशेषनामंच की!

एकुलतं असणं आणि नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सर्वात स्पष्ट दिसतं. चंद्राचंच बघा. फार काळ माणसाला एकच चंद्र माहीत होता. 1610 मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणाऱ्या चार गोष्टी दिसल्या, आणि पुढे अशा सगळ्यांनाच 'मून' म्हणायची पद्धत पडली. मराठीतही आपण 'गुरूचे चंद्र' म्हणतोच. एका वस्तूचं नाव अशा रीतीने एका जातीचं नाव झालं. त्या चौघांना मग स्वतःची नावं द्यावी लागली: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो.

लिहायचं कसं? खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे की आपला सूर्य, आपला चंद्र आणि आपली पृथ्वी कॅपिटल लिहावी. बरीच वृत्तपत्रं 'सन' आणि 'मून' स्मॉल ठेवतात आणि पृथ्वी या ग्रहासाठीचा इंग्रजी शब्द 'अर्थ' तेवढा कॅपिटल करतात. दोन्हींतलं एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. माती या अर्थाचा 'अर्थ' आणि 'डाउन टु अर्थ'मधला 'अर्थ' मात्र स्मॉलच.

वार आणि महिने कॅपिटल, मग ऋतू स्मॉल का?

यामागे ठोस तर्क नाही. मंडे आणि जुलै कॅपिटल, 'समर' आणि 'विंटर' स्मॉल, असा इंग्रजीचा रिवाज आहे. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये वार-महिनेसुद्धा स्मॉल लिहितात आणि त्यांचं काही अडत नाही. हे पाठच करावं लागतं. अनेकवचन केलं तरी मंडेज कॅपिटलच राहतं.

'रिव्हर', 'युनिव्हर्सिटी' ही सामान्यनामं. मग ती नावात कॅपिटल का होतात?

कारण नाव पुरतं घ्यायचं असतं. युनायटेड नेशन्स हे दोन शब्द सुटे केले तर एक साधं विशेषण आणि एक साधं सामान्यनाम, दोन्हींत विशेषनाम एकही नाही. पण 1945 मध्ये स्थापन झालेल्या त्या संघटनेचं बारसं याच दोन शब्दांनी झालं, म्हणून दोन्ही कॅपिटल. भाषाशास्त्रज्ञ याला 'प्रॉपर नेम' म्हणतात आणि एकाच शब्दाच्या 'प्रॉपर नाउन'पासून वेगळं काढतात. शाळेत दोन्ही एकाच टोपलीत टाकतात, आणि शाळेपुरतं ते ठीकही आहे.

गडबड होते ती दुसऱ्यांदा उल्लेख करताना. पहिल्यांदा युनिव्हर्सिटी ऑफ ऑक्सफर्ड लिहिलं, पुढच्या वाक्यात नुसतं 'द युनिव्हर्सिटी' म्हटलं तर ते स्मॉल. नावाच्या पोटातले 'ऑफ', 'अँड' हे शब्दही स्मॉल राहतात.

दिशांनाही हेच लागू. साउथ आफ्रिका हा देश, दोन्ही शब्द कॅपिटल. 'सदर्न आफ्रिका' म्हणजे खंडाचा दक्षिणेकडचा भाग. त्यात आफ्रिका हेच काय ते नाव, म्हणून तेवढंच कॅपिटल. वृत्तपत्रांच्या भाषांतरांत या दोन्हींची सरमिसळ मी कितीदा पाहिली आहे, आणि तिथे नुसतं अक्षर चुकत नाही, भलताच देश छापून येतो.

प्रॉपर नाउनच्या आधी 'द' येतो की नाही?

माणसांच्या आणि शहरांच्या नावाआधी सहसा नाही. नद्या, महासागर आणि पर्वतरांगांआधी येतो: द नाइल, द पॅसिफिक, द आल्प्स. एकटं शिखर किंवा एकटं सरोवर असेल तर नाही: माउंट एव्हरेस्ट, लेक व्हिक्टोरिया. देशांना सहसा 'द' लागत नाही, पण नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात 'स्टेट्स', 'रिपब्लिक', 'किंग्डम' असा सामान्य शब्द असेल तर लागतो: द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द युनायटेड स्टेट्स. युक्रेनच्या आधी पूर्वी 'द' लावत. 1991 मध्ये तो स्वतंत्र झाल्यावर ती पद्धत मागे पडली. आता लावला तर तो देश म्हणजे दुसऱ्याचा एखादा प्रांत असल्यासारखं वाटतं आणि तिथल्या लोकांना ते आवडत नाही.

विशेषनामाचं अनेकवचन होत नाही असं शिकलो होतो. मग 'द स्मिथ्स' कसं?

होतं. स्मिथ कुटुंबातले सगळे मिळून द स्मिथ्स. वर्गात मेरी नावाच्या दोघी असतील तर टू मेरीज. असं झालं की ते विशेषनाम घटकाभर सामान्यनामासारखं वागतं: 'मेरी नावाच्या मुली' हा एक गटच तयार होतो. कॅपिटल मात्र जात नाही.

स्पेलिंगच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शेवटी 'वाय' असलेल्या नावाचं अनेकवचन करताना वाय काढून 'आयईएस' लावायचं नाही, नुसता 'एस' लावायचा. नावाचं रूप मोडायचं नाही हा त्यामागचा विचार. अमेरिकेतल्या रॉकीज पर्वतांनी हा नियम धुडकावला आहे, पण असे अपवाद मोजकेच. दोन, अनेकवचनाला ॲपॉस्ट्रॉफी लावू नका. दारावरच्या पाट्यांवर ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास करतात, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका.

दुसरा प्रकार तुलनेचा. 'शी इज अ सेकंड मेरी क्युरी' यात मेरी क्युरी म्हणजे ती व्यक्ती नव्हे, तिच्या तोडीची शास्त्रज्ञ. आपल्याला हे नवीन नाही. झोपाळू मुलाला कुंभकर्ण आणि भांडणं लावणाऱ्याला नारद म्हणताना आपण हेच करतो. अ पिकासो म्हणजे पिकासोचं एखादं चित्र. तिथेही 'पिकासो' कॅपिटलच, आधीचा 'अ' मात्र स्मॉल.

नाव कायमचं सामान्यनाम होऊ शकतं का?

हो, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वात आवडतो. 1880 मध्ये आयर्लंडमध्ये चार्ल्स बॉयकॉट नावाचा एक जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले: कामाला कुणी येईना, दुकानदार माल देईनात. त्याच वर्षी त्याचं आडनाव 'बहिष्कार' या अर्थाने वर्तमानपत्रांत वापरलं जाऊ लागलं. आज 'बॉयकॉट' स्मॉल अक्षराने लिहितात आणि त्यामागे माणूस होता हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. 'डिझेल'मागे रुडॉल्फ डिझेल आहे. 'मॅरेथॉन' हे ग्रीसमधल्या एका ठिकाणाचं नाव. आपण तर 'मॅरेथॉन बैठक' म्हणून मोकळे होतो.

शास्त्रातल्या एककांची तऱ्हा जरा गमतीची आहे. व्होल्टा आणि वॅट ही माणसं कॅपिटल, पण त्यांच्या नावाची एककं 'व्होल्ट' आणि 'वॅट' पूर्ण लिहिताना स्मॉल. मात्र त्याच एककांची एकाक्षरी चिन्हं, व्ही आणि डब्ल्यू, पुन्हा कॅपिटल. आणि तापमान सांगताना 'डिग्री सेल्सिअस'मधला सेल्सिअस पूर्ण लिहिला तरी कॅपिटलच राहतो. भौतिकशास्त्राचे प्रबंध तपासताना हे मला अजूनही एकदा पडताळून घ्यावं लागतं.

मग 'झेरॉक्स' हे कॉमन की प्रॉपर?

मराठीत आपण झेरॉक्स 'काढतो', म्हणजे बोलण्यात ते सामान्यनाम झालंय. इंग्रजी लिखाणात मात्र झेरॉक्स हा व्यापारचिन्ह असलेला शब्द आहे. तिथे 'फोटोकॉपी' लिहा.

कंपन्या याबाबत फार हळव्या असतात, आणि त्याला कारण आहे. नाव पुरतं सामान्यनाम झालं तर त्यावरचा हक्क जातो. 'एस्कलेटर' हे मुळात ओटिस कंपनीचं व्यापारचिन्ह होतं, ते अमेरिकेत 1950 मध्ये गेलं. 'थर्मॉस'चं तेच 1963 मध्ये झालं. 'ॲस्पिरिन'ची कथा तर देशागणिक वेगळी: अमेरिकेत 1921 च्या निकालानंतर तो सामान्य शब्द ठरला, कॅनडात आजही ते बायर या औषध कंपनीचं व्यापारचिन्ह आहे. म्हणजे तीच गोळी सीमेच्या एका बाजूला स्मॉल आणि दुसऱ्या बाजूला कॅपिटल.

विषयांची नावं?

'हिस्टरी', 'फिजिक्स', 'मॅथ्स' स्मॉल. इंग्लिश, फ्रेंच, संस्कृत कॅपिटल, कारण भाषांची नावं कॅपिटलच असतात. एखाद्या अभ्यासक्रमाचं ठरलेलं शीर्षक असेल तर ते शीर्षक म्हणून कॅपिटल.

स्पेलिंग तेच, पण कॅपिटल केल्यावर अर्थ बदलतो, असे शब्द आहेत का?

बरेच. चायना देश, 'चायना' चिनी मातीची भांडी. टर्की देश, 'टर्की' पक्षी. मार्च महिना, 'मार्च' म्हणजे संचलन. काहींचा तर उच्चारही बदलतो: पोलिश म्हणजे पोलंडचा, आणि स्मॉल 'पॉलिश' आपण बुटांना करतो ते.

परीक्षेत झटकन ओळखायची युक्ती सांगा.

शब्दाआधी 'अ' किंवा 'मेनी' लावून बघा. 'मेनी सिटीज' चालतं, 'मेनी लंडन्स' म्हणताना जीभ अडखळते. 'गोल्ड', 'वॉटर'सारख्या शब्दांना ही कसोटी लागत नाही, कारण ते मोजता येत नाहीत. पण ते कुणाचं नावही नाहीत, म्हणजे कॉमनच. समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक असे जे प्रकार शाळेत वेगळे शिकवतात तेही आजच्या व्याकरणात कॉमन नाउनच्याच पोटात धरतात. प्रश्नपत्रिकेत पाच पर्याय दिले असतील तर मात्र पुस्तकाप्रमाणे उत्तर द्या. गुण देणारा पुस्तकच बघून देतो.

फोन आपोआप कॅपिटल करतो, त्यावर सोडून दिलं तर?

महिने आणि वार तो बहुधा बरोबर करतो. पण 'मे', 'विल', 'मार्क', 'ग्रेस' हे शब्द नावंही आहेत आणि साधे शब्दही, आणि तिथे त्याचा अंदाज चुकतो. 'हिज मार्क वॉज लो' असं वाक्य माझ्याकडे आलं होतं, त्यात 'मार्क' कॅपिटल. मुलाला गुण कमी पडले होते. वाचून मला वाटलं, मार्क नावाचा कुणी मनाने खचलाय.